समुद्र दिसत राहायला हवा!

मुलांनो, नकाशाचं पुस्तक जवळ आहे ना? मग काढा पाहू जपानचं पान. जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सगळ्यांत मोठं ते होन्शू. तोक्यो याच बेटावर आहे. आता तोक्योवर बोट ठेवा आणि पूर्व किनाऱ्यानं हळूहळू वर, म्हणजे उत्तरेकडे सरका. सेंदाई नावाचं मोठं शहर लागेल. तिथून आणखी थोडं वर गेलं, की किनाऱ्याची रेघ एकदम वेडीवाकडी होते. जणू कुणी कागद कात्रीनं न कापता हातानं टरकावलाय! डोंगर थेट समुद्रात उतरलेले आणि समुद्र डोंगरांच्या फटींतून आत घुसलेला. हा सान्रिकू किनारा. त्यातल्याच एका अरुंद खाडीच्या टोकाला एक छोटं शहर आहे, केसेननुमा. नाव घेताना जीभ अडखळते? तीनदा म्हणून बघा : के-सेन-नु-मा. जमलं की नाही!

या शहराची वस्ती साठ हजारांच्या आतबाहेर. म्हणजे आपल्या रत्नागिरीपेक्षाही लहान. पण जपानमध्ये मासळीचं नाव निघालं, की केसेननुमाचं नाव निघतंच.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त सेंदाईला असतो. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. तो म्हणाला, “ताई, क्योतोला जाऊ, तिथली देवळं बघू.” मी म्हटलं, “देवळं मागाहून. आधी मला मासळीबाजार दाखव!” त्याचं काय आहे, मी कोकणातल्या एका बंदरगावच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं मच्छीमारांच्या घरची. परत गेल्यावर ती मला देवळांबद्दल नाही, बोटींबद्दल विचारणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पातेल्याच्या कडीसारखी रेल्वे

सेंदाईहून शिंकान्सेन, म्हणजे जपानची ती प्रसिद्ध वेगवान गाडी, अर्ध्या तासात इचिनोसेकीला पोचवते. तिथं गाडी बदलायची. पुढची गाडी अगदी छोटी, डिझेलवर चालणारी. ती डोंगरांतून वळणं घेत सुमारे दीड तासानं केसेननुमाला पोचते. या रेल्वेचा नकाशा बघितला तर हसू येतं. सरळ जायचं सोडून ती मध्येच वर चढते आणि पुन्हा खाली उतरते! म्हणून जुने लोक तिला पातेल्याच्या कडीची उपमा देतात, तर नव्या मंडळींनी तिचं नाव ठेवलंय ‘ड्रॅगन रेल’. सुट्टीच्या दिवसांत याच मार्गावर पिकाचूच्या चित्रांनी रंगवलेली पोकेमॉनची गाडीसुद्धा धावते. मोठ्या संकटातून गेलेल्या इथल्या मुलांच्या चेहऱ्यावर हसू यावं, म्हणून ती डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाली. संकट कोणतं, ते पुढं सांगते.

केसेननुमा स्टेशनात उतरलो आणि मी बघतच राहिले. फलाटाच्या एका बाजूला आमची रेल्वेगाडी उभी, तर दुसऱ्या बाजूला, जिथं रूळ असायला हवेत तिथं, चक्क एक लाल बस! पूर्वी इथून पुढं किनाऱ्या-किनाऱ्यानं रेल्वे जात असे. समुद्रानं ते रूळ नेले. मग रुळांच्या जागी खास बससाठी रस्ता केला आणि बस रेल्वेच्याच वाटेनं धावू लागली. स्टेशनं तीच, वाट तीच, गाडी मात्र बदलली.

कात्सुओचं गाव

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही मासळीबाजारात गेलो. इथं पाहुण्यांनी वरच्या मजल्यावरच्या सज्जातून बघायचं, खाली कामात लुडबुड करायची नाही. बरोबरच आहे म्हणा! खाली एवढी धांदल चाललेली असते, की पाय ठेवायला जागा नाही. पण आरडाओरडा मात्र आपल्या जेट्टीच्या मानानं काहीच नाही. पाटीवरून भांडण नाही की दरावरून हुज्जत नाही. माझ्या कानांना थोडं चुकल्या-चुकल्यासारखंच झालं!

धक्क्याला लागलेल्या बोटीतून मासे पट्ट्यावर येत होते. आकाराप्रमाणे त्यांची निवड व्हायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात रवानगी. मासा कोणता? कात्सुओ. आपल्या कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या कुळातला. बंदुकीच्या गोळीसारखा आटोपशीर, निळसर चकचकीत पाठ आणि पोटावर लांब पट्टे. जपानमध्ये ताजा कात्सुओ उतरवून घेण्यात केसेननुमानं १९९७ पासून पुढं वर्षानुवर्षं पहिला नंबर सोडला नव्हता.

आता गंमत ऐका. हे मासे पकडणाऱ्या पुष्कळशा बोटी केसेननुमाच्या नसतातच! त्या येतात शेकडो किलोमीटर दक्षिणेकडच्या मिए, मियाझाकी आणि कोची इथून. (हे कोची जपानमधलं हं, आपल्या केरळमधलं नव्हे!) मग त्या इथंच का येतात? कारण इथं त्यांना लागणारं सगळं मिळतं. बर्फाचे कारखाने, मासे भरायची खोकी, डिझेल, इंजिन दुरुस्त करणारे मिस्त्री, आमिषासाठी जिवंत तारल्या. एवढंच काय, समुद्रावरून दमून आलेल्या खलाशांना गरम पाण्यात डुंबता यावं म्हणून धक्क्याजवळ सकाळी लवकर उघडणारं स्नानगृह आणि शेजारी खानावळही आहे. मासा समुद्रात असतो, पण बंदर माणसांनी बनतं!

कात्सुओ जाळ्यानंही पकडतात, पण नामी पद्धत म्हणजे गळाची. थवा दिसला, की बोटीवरून जिवंत तारल्या पाण्यात फेकायच्या आणि बोटीच्या कडेनं पाण्याचे बारीक फवारे सोडायचे. माशांना वाटतं, वर लहान मासळी उड्या मारतेय. ते वर झेपावतात. मग एका ओळीत उभे असलेले खलाशी लांब काठ्यांचे गळ टाकतात आणि मासा लागला, की झटक्यात डोक्यावरून मागं भिरकावतात. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा आपोआप सुटून फळीवर पडतो. अगदी याच तऱ्हेनं, काठी आणि जिवंत आमिष वापरून, याच जातीचा मासा आपल्या भारतातही पकडतात. कुठं? लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर! तिथं तो उकडून, धुरी देऊन, वाळवून ठेवतात. जपानी लोकही कात्सुओ असाच वाळवतात, पण इतका कडक की लाकडाचा तुकडाच वाटावा. मग सुतार रंधा मारतो तसा तो किसायचा आणि त्या किसाचं सार करायचं.

या समुद्रात एवढे मासे का, याचं उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. दक्षिणेकडून उबदार पाण्याचा कुरोशिओ प्रवाह येतो. कुरोशिओ म्हणजे काळा प्रवाह. उत्तरेकडून थंड पाण्याचा ओयाशिओ येतो. ‘ओया’ म्हणजे आई-बाप. या थंड पाण्यात माशांचं खाद्य भरपूर, म्हणून तो माशांना पोसणारा, आई-बापांसारखा प्रवाह! सान्रिकूच्या समोर हे दोघे भेटतात आणि जगातल्या मोठ्या मासेमारी क्षेत्रांपैकी एक तयार होतं. उन्हाळ्यात कात्सुओ उबदार पाण्याबरोबर उत्तरेला जातो आणि शरद ऋतूत खाऊन-पिऊन गलेलठ्ठ होऊन परततो. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो, म्हणजे तो परतीचाच काळ.

बाजाराच्या दुसऱ्या भागात तलवारमासे आणि शार्क ओळीनं मांडले होते. जपानमध्ये सर्वांत जास्त शार्क केसेननुमालाच उतरतात. कातड्याच्या वस्तू होतात, मांसाच्या वड्या होतात, पर जातात सूपसाठी. शेजारी शार्कचं एक संग्रहालयही आहे. आपल्या कोकणात लहान शार्कला मोरी म्हणतात ना? हा ‘मोरी’ शब्द लक्षात ठेवा. जपानी भाषेत त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे आणि तो या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

दुपारचे २ वाजून ४६ मिनिटं

आता ते संकट. ११ मार्च २०११, शुक्रवार. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी या किनाऱ्यासमोरच्या समुद्रतळाखाली ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. जपानमध्ये मोजलेला तो सर्वांत मोठा भूकंप. समुद्राचा तळच उचलला गेला आणि त्यावरचं सगळं पाणी हललं. त्सुनामी!

हा शब्द जपानीच आहे. ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. बंदरातली लाट, असं विचित्र नाव का? कारण खोल समुद्रात ही लाट फार उंच नसते. बोटीतल्या माणसाला ती कळतही नाही. पण किनाऱ्याजवळ पाणी उथळ होतं, तसतशी ती फुगते. आणि सान्रिकूच्या खाड्या तर नरसाळ्यासारख्या. तोंडाशी रुंद, आत अरुंद. आत शिरलेलं पाणी पसरणार कुठं? ते वरच चढतं. म्हणूनच भूकंप झाल्याबरोबर काही तांडेल बोटी घेऊन किनाऱ्याकडे नव्हे, उलट भर समुद्राकडे धावतात. केसेननुमासमोरच्या ओशिमा बेटावरच्या एका वयस्क तांडेलानं ‘हिमावारी’ (म्हणजे सूर्यफूल) नावाची आपली छोटी बोट अशीच लाटेवर घातली आणि वाचवली. बेटाची फेरीबोट बंद पडली होती. मग पुढं कितीतरी दिवस याच सूर्यफुलानं बेटावरच्या लोकांची ने-आण केली. २०१९ मध्ये त्या बेटावर जायला मोठा पूल झाला. आम्ही त्याच पुलावरून गेलो.

त्या दिवशी केसेननुमात पाणी तर आलंच, पण पाण्याबरोबर आगही आली. खाडीच्या तोंडाशी बोटींच्या तेलाच्या मोठमोठ्या टाक्या होत्या. त्या लाटेनं उखडल्या, तेल पसरलं आणि पेटलं. जळणारं लाकूडफाटं लाटेवर तरंगत गावभर फिरलं. या एका शहरात हजाराहून अधिक माणसं गेली. दोनशेहून अधिक जणांचा तर अजूनही पत्ता नाही. याच मियागी प्रांतातल्या ओनागावा गावात तेव्हा आपल्या भारताच्या एनडीआरएफचे ४६ जवान शोधकार्याला गेले होते, हेही माहीत असू द्या.

शाळेची ती इमारत

शहराच्या दक्षिणेला, समुद्राच्या अगदी जवळ, कोयो हायस्कूलची जुनी इमारत आहे. मासेमारी आणि बोटींचं शिक्षण देणारी ही शाळा. आता शाळा दुसरीकडे नव्या इमारतीत भरते. जुनी इमारत लाटेनं जशी केली तशीच ठेवून तिचं मार्च २०१९ मध्ये स्मारक-संग्रहालय केलं आहे.

मी शिक्षिका. शाळेची इमारत म्हटलं, की माझं लक्ष आधी फळ्याकडे जातं. इथं वर्गाच्या भिंती होत्या, पण आत सगळा चिखलात बसलेला राडा. वाकलेले खांब, लोंबणारं छत. तिसऱ्या मजल्यावर गेलो, तर तिथं एक मोटारगाडी उलटी पडलेली! पाणी चौथ्या मजल्यापर्यंत चढलं होतं. (जपानी लोक तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. म्हणजे आपल्या हिशेबानं तिसऱ्या मजल्यापर्यंत.) वाहत आलेला मासळीच्या शीतगृहाचा सांगाडा भिंतीवर आदळला होता, त्याची खूण अजून दिसते.

आणि त्या दिवशी शाळेत असलेली मुलं? सुमारे १७० मुलं होती. सगळीच्या सगळी वाचली. कशी वाचली, ते नीट वाचा. भूकंप थांबताच शिक्षक मुलांना घेऊन शाळेबाहेर पडले आणि आतल्या बाजूला असलेल्या एका देवळापाशी गेले. तिथं त्यांना वाटलं, एवढं लांब पुरणार नाही. म्हणून आणखी पुढं, रेल्वे स्टेशनाकडे. तिथूनही पुढं, आणखी उंचावरच्या दुसऱ्या शाळेकडे. नंतर लाट आली, ती त्या देवळालाही बुडवून गेली! “आलो एकदाचे, बसा आता,” असं म्हणून ती मंडळी देवळापाशीच थांबली असती तर? शाळेच्या इमारतीत मागं राहिलेले शिक्षक आणि बांधकामाचे कामगार गच्चीवर चढले आणि रात्र काढून तेही वाचले.

‘तेन्देन्को’ म्हणजे काय?

सान्रिकूच्या लोकांना लाट नवी नाही. १८९६ च्या त्सुनामीत या किनाऱ्यावर सुमारे २२ हजार माणसं गेली. १९३३ मध्ये पुन्हा सुमारे ३ हजार. १९६० मध्ये तर भूकंप झाला पॅसिफिकच्या पलीकडे, दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात. इथं जमीन हललीसुद्धा नाही. आणि जवळजवळ एक दिवसानंतर तिथली लाट इथं येऊन धडकली!

पूर्वी घरंच्या घरं बुडायची. का? तर आई मुलाला शोधायला मागं जायची, मुलगा आजीला आणायला जायचा आणि सगळेच लाटेत सापडायचे. त्यातून इथल्या बोलीत एक शब्द रुजला : ‘त्सुनामी तेन्देन्को’. म्हणजे लाट येणार म्हटलं, की ज्यानं त्यानं, असेल तिथून, उंचावर पळायचं. कुणाची वाट बघायची नाही.

ऐकायला कठोर वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मग अर्थ उमगला. तुम्ही पळालात याची आईला खात्री असेल, तरच आईसुद्धा पळेल. आई पळाली असेल याची तुम्हाला खात्री असेल, तरच तुम्ही मागं फिरणार नाही. म्हणजे हा शब्द एकट्याचा नाहीच, तो एकमेकांवरच्या विश्वासाचा आहे. पण हे घरात आधी बोलून ठेवावं लागतं. कुठल्या टेकडीवर जायचं, नंतर कुठं भेटायचं, हे ठरलेलं हवं.

आणि आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका बरं! २६ डिसेंबर २००४ ची लाट तमिळनाडूत आणि अंदमानात येऊन गेली. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची लाट तर थेट मुंबईपर्यंत आली होती.

मग ते निघून का गेले नाहीत?

सुट्टी संपल्यावर हे सगळं मी वर्गात सांगितलं, तेव्हा एका मुलीनं हात वर केला. तिचे वडील बोटीवर तांडेल आहेत. ती म्हणाली, “बाई, एवढं होऊनसुद्धा ते लोक तिथून निघून का नाही गेले?”

प्रश्न अगदी बरोबर होता. काही लोक खरोखरच गेले. २०११ पूर्वी शहराची वस्ती ७० हजारांच्या वर होती, ती आता उतरली आहे. जे राहिले, त्यांच्यातल्या पुष्कळांनी घरं उंचावर बांधली. पण काम समुद्राचंच धरलं. बंदराची जमीन भूकंपानं अर्ध्या मीटरहून जास्त खचली होती. भरती आली की धक्क्यावर पाणी यायचं. तरी लोकांनी भराव घालून धक्क्याचा तेवढा भाग उंच केला आणि जून २०११ मध्ये, म्हणजे जेमतेम साडेतीन महिन्यांत, बाजार उघडला. दक्षिणेकडच्या बोटी आठवणीनं इथं आल्या. त्या वर्षीसुद्धा ताज्या कात्सुओचा पहिला नंबर केसेननुमाचाच लागला!

सगळ्याच गोष्टींवर लोकांचं एकमत झालं असं नाही हं. सुमारे ६० मीटर लांबीची ‘क्योतोकु मारू क्र. १८’ ही बोट लाटेनं बंदरापासून पाऊण किलोमीटर आत, भर वस्तीत आणून ठेवली होती. काही म्हणाले, आठवण म्हणून राहू द्या. काही म्हणाले, रोज डोळ्यांसमोर ती नको, आमची माणसं गेली आहेत. २०१३ मध्ये लोकांची मतं घेतली. बहुतेकांनी ‘नको’ म्हटलं आणि बोट मोडून टाकली. तुम्ही असता तर कोणतं मत दिलं असतं? वर्गात चर्चा करून बघा. सोपं नाही!

सगळ्यांत मोठा वाद झाला भिंतीचा. पुन्हा लाट आली तर अडवायला किनाऱ्याला उंच काँक्रीटची भिंत बांधायची, असं सरकारनं ठरवलं. भिंत कुणाला नको असेल? पण खाडीच्या आतल्या नाईवान भागातले लोक म्हणाले, अशानं आम्हाला समुद्रच दिसणार नाही! ज्यांचं पोट समुद्रावर, त्यांना तो रोज दिसायला हवा. आणि समुद्र दिसलाच नाही, तर तो बदलतोय हे कळणार कसं? भिंतीच्या भरवशावर लोक गाफील राहतील, त्याचं काय?

बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी इथली भिंत ठरल्यापेक्षा कमी उंच केली आणि वर झडपा बसवल्या. एरवी त्या आडव्या पडलेल्या असतात. पाणी चढलं, की पाण्याच्याच जोरानं उभ्या राहतात! भिंतीला लागून दुकानं आणि हॉटेलं अशी उंचावर बांधली, की तिथं बसलं तर समोर खाडी दिसते. तरीही २०१८ मध्ये भिंतीचा काही भाग ठरलेल्या उंचीपेक्षा २२ सेंटिमीटर जास्त बांधला गेल्याचं लक्षात आलं आणि पुन्हा वाद पेटला. बावीस सेंटिमीटर! तुमच्या पट्टीपेक्षाही कमी. पण तिथल्या माणसांना तेवढंही जाणवलं. समुद्रावर जीव असणं म्हणजे काय, हे मला त्या बावीस सेंटिमीटरनं कळलं.

डोंगरावर कोळ्यांचं निशाण

आता तो राहिलेला शब्द, ‘मोरी’. जपानी भाषेत ‘मोरी’ म्हणजे जंगल!

केसेननुमाच्या उत्तरेला मोउने नावाची छोटी खाडी आहे. तिथं हाताकेयामा शिगेआत्सु हे कालवांची शेती करायचे. पाण्यावर लाकडी तराफे आणि त्यांना दोऱ्या टांगलेल्या. दोऱ्यांना कालवं लगडतात. कालवाला कुणी खायला घालावं लागत नाही. ते दिवसाला सुमारे दोनशे लिटर पाणी गाळतं आणि त्यातले प्लँक्टन नावाचे सूक्ष्म जीव खातं. पण १९६० नंतरच्या काळात खाडीचं पाणी बिघडलं. लाल रंगाचे प्लँक्टन बेसुमार वाढले आणि पांढरी कालवं लाल निघू लागली. कोण घेणार? पुष्कळांनी धंदा सोडला.

हाताकेयामांनी विचार केला. खाडीचं पाणी येतं कुठून? नदीतून. नदी येते कुठून? डोंगरातून. जंगलातल्या कुजलेल्या पानांमधून पाणी झिरपतं, तेव्हा ते जमिनीतलं लोह बरोबर घेऊन समुद्रात जातं. ते लोह प्लँक्टनला हवं आणि प्लँक्टन कालवांना. म्हणजे कालवांची शेती डोंगरापासून सुरू होते! मग १९८९ मध्ये हे मच्छीमार आपल्या बोटींवरची रंगीबेरंगी निशाणं घेऊन मुरोने डोंगरावर चढले आणि झाडं लावू लागले. चळवळीचं नावच ‘जंगल हे समुद्राचं जिवलग’ अशा अर्थाचं. डोंगरातल्या शाळांची मुलं त्यांनी समुद्रावर बोलावली आणि त्यांना प्लँक्टनचं पाणी चाखायला दिलं. कालवं काय खातात ते कळायला नको?

२०११ च्या लाटेत हाताकेयामांचे तराफे, बोटी सगळं गेलं. त्यांची वृद्ध आईही गेली. खाडीत हालचाल दिसेना. समुद्र मेला, असंच वाटलं. पण थोड्याच दिवसांत लहान मासळी दिसू लागली. शास्त्रज्ञांनी पाणी तपासलं, तर कालवांना पुरेल इतकं प्लँक्टन त्यात होतं. वरचं जंगल जागेवर होतं ना! त्यांनी पुन्हा कालवं टांगली आणि पुन्हा झाडंही लावली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना ‘फॉरेस्ट हीरो’ म्हणून गौरवलं. २०२५ मध्ये ते वारले.

बोट निघाली

परतायच्या दिवशी आम्हाला एक दृश्य बघायला मिळालं. लांब समुद्रावर जाणारी एक बोट निघत होती. अशा बोटी कित्येक महिने परतत नाहीत. धक्क्यावर घरची माणसं, दुकानदार, आज्या, लहान मुलं, सगळे जमलेले. बोटीवरून रंगीत कागदाच्या लांबच लांब फिती किनाऱ्यावर टाकल्या. एक टोक खलाशाच्या हातात, दुसरं किनाऱ्यावरच्या माणसाच्या. खलाशांत काही तरुण इंडोनेशियाचेही होते. या बंदराच्या बोटींवर ते पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी धक्क्याजवळ नमाजाची खोली आहे आणि त्यांच्या चवीची खानावळही. इंडोनेशियानंही २००४ ची लाट सोसलेली. त्या देशानं दिलेल्या मदतीतून केसेननुमाच्या ग्रंथालयात मुलांसाठी खास दालन झालं आहे.

भोंगा वाजला. बोट हलली. फिती ताणल्या गेल्या आणि एकेक करून तुटल्या. लोक निशाणं हलवत राहिले. आपल्याकडे नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघतात, तेव्हा आमच्या गावच्या बायका धक्क्यावर अशाच उभ्या असतात. बोट वळणाआड गेली, तरी एक आजी बराच वेळ तिथंच उभी होती. तिच्यासमोर भिंत नव्हती. समुद्र दिसत होता.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या गावाजवळची नदी किंवा ओढा शेवटी कोणत्या समुद्राला मिळतो आणि वाटेत त्यात काय काय मिसळतं, ते शोधून काढा. आणि समुद्रकाठी राहत असाल, तर आज जेवताना घरी विचारा : “लाट आली, तर आपण कुठल्या टेकडीवर जायचं?” उत्तर सगळ्यांचं एकच येतं का, ते बघा. नाही आलं, तर आजच ठरवून टाका!